मागच्या रिंगखालची पट्टी

११ जाने., रविवार. झूटरमेर.
काल मादी पडली नाही, लंगडत गेली. रो जातीचं लहान हरीण, शंभरेक मीटरवर, अगदी आडवं उभं. मी खांद्यामागे धरला होता नेम, लागली पुढच्या पायाला. माग काढणारा कुत्रा येऊन ती सापडेपर्यंत दोन तास. लव्हाळ्यात बसली होती, मान वर. शेवट विमकाकांनी केला; रान त्यांचंच, चार वर्षं मी तिथे शिकार करतो. मग रीतीप्रमाणे तिच्या तोंडात डहाळी ठेवली आणि टोपी काढून उभे राहिले. मीही.

परतताना गाडीत म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. स्कोप धरणाऱ्या रिंगा ढिल्या झाल्या असणार."

घरी येऊन रायफलवरचा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, उतरवला. रिंगा ठणठणीत. मागच्या रिंगखालची पट्टी मात्र सरकून अर्धी बाहेर. पट्टी म्हणजे कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा, नोव्हेंबरात मीच कात्रीने कापून घातलेला. गोळ्या खाली लागत होत्या, स्कोपचं वरचं बटण फिरायचं तेवढं फिरून झालं होतं, आणि दुकानात जायचा कंटाळा. म्हटलं, चालतंय ना, मग झालं. मेकॅनिकलची डिग्री आणि हे उद्योग! काकांना तेव्हा सांगितलं नाही. कालही नाही.

पट्टी कचऱ्यात टाकली.

१३ जाने., मंगळवार.
काकांचा फोन. त्यांच्या स्वतःच्या रायफलवर त्याच बनावटीच्या रिंगा आहेत, अठरा वर्षं. माझ्यासाठी त्यांनीच सुचवल्या होत्या. आता त्या काढून ठेवल्यात म्हणे. "मी सांगितलं म्हणून तू घेतल्यास. त्या मादीचे हाल माझ्यामुळे झाले." बहात्तर वर्षांचा माणूस. मी म्हणालो, "तसं काही नाही हो." एवढंच.

खापर रिंगांवर फुटलं, ते मी फुटू दिलं.

१५ जाने., गुरुवार.
नव्या रिंगांचा शोध. युट्रेख्टच्या ट्रेनमध्ये, जाता-येता. स्टीलच्या की अॅल्युमिनियमच्या, उंची किती, चटकन निघणाऱ्या की कायम घट्ट. एक्सेलमध्ये नऊ रांगा झाल्या. फोरमवरचे लोक रिंगांबद्दल जावयाबद्दल बोलावं तसं बोलतात. प्रत्येकाला फसवणारी एक भेटलेली.

ऑफिसात टेस्टिंगची मीटिंग. एका मुलीने बग सापडूनही दोन दिवस सांगितला नव्हता. मी तिला पंधरा मिनिटं सुनावलं. ती म्हणाली, "घाबरले होते." मी म्हणालो, "हे कारण होत नाही."

१७ जाने., शनिवार.
बंदुकीच्या दुकानात. दुकानदार जाडा, सावकाश बोलणारा. त्याचं म्हणणं: रिंगा आणि खालचा बेस एकाच कंपनीचा घ्या, स्टीलचा घ्या, तेल पुसून कोरडं बसवा, स्क्रू जोर मोजणाऱ्या टॉर्कच्या पान्यानेच आवळा. मधे काही घालायचं नाही. कागद नाही, टेप नाही, पत्रा नाही. लोक काय काय घालतात, सांगितलं तर हसाल, म्हणाला. मी हसलो.

"जुन्यांत काय बिघडलं?"
"भरवसा राहिला नाही."
"त्या? त्या मी वीस वर्षं विकतोय." माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, की मलाच वाटलं. चोराच्या मनात चांदणं.

स्टीलची जोडी घेतली. बेससकट.

१८ जाने., रविवार.
मुग्धाला सगळं सांगितलं. ती अंडंही खात नाही. माझा शिकारीचा नाद तिने बायको म्हणून सोसलाय, आवडलेला नाही. खंडेनवमीला रायफलला कुंकू मात्र तिनेच लावलं होतं. आधी सगळं ऐकून घेतलं. मग: "अरे, तो माणूस तिकडे स्वतःला खातोय आणि तू दुकानं काय हिंडतोयस?"

तिला म्हणालो, मार्चात परवान्याचं नूतनीकरण आहे. त्या फॉर्मवर काकांची सही लागते, की हा माझ्या रानात शिकार करतो. रान नाही तर परवाना नाही, आणि दुसरं कोण देणार मला रान? "मग?" म्हणाली. भाजी चिरत राहिली.

नाचता येईना, अंगण वाकडं. इथे तर अंगणही काकांचं.

२२ जाने., गुरुवार.
काकांचा मेसेज. या मोसमात ते जाणार नाहीत. "माझ्या सल्ल्यावर माझाच विश्वास उरला नाही." खाली: फॉर्म घेऊन ये, सही करून देतो, तू एकटा जा.

तीनदा वाचला. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

२४ जाने., शनिवार.
गेलो. कॉफी, डच रीतीने एकच बिस्किट, डबा बंद. फॉर्म टेबलावर, पेन त्यांच्या हातात. सांगितलं. पत्रा, कात्री, नोव्हेंबर, सगळं. माझं डच अशा वेळी फारच साधं होतं. बरंच झालं, लपायला जागा नाही.

पेन खाली ठेवलं. एकच विचारलं: "कधी कळलं?"
"त्याच संध्याकाळी."
"म्हणजे मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं."
"हो."

रागावले असते तर बरं झालं असतं. उठून शेडमध्ये गेले. मी निघावं की बसावं कळेना. परत आले ते स्वतःची रायफल, काढून ठेवलेल्या जुन्या रिंगा आणि पाना घेऊन. "बसव."

बसवल्या. पुसून, कोरड्या, आडवे-तिडवे स्क्रू थोडे थोडे आवळत. झाल्यावर त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला आणि एकेक स्क्रू स्वतः तपासला. चार वर्षांत माझं काम त्यांनी कधी तपासलं नव्हतं. सगळे नीट निघाले. तरी पहिल्यापासून पुन्हा तपासले.

१ फेब्रु., रविवार.
माझ्या रायफलवर नव्या रिंगा बसवल्या. रेंजवर पाच गोळ्या, पाचही तळहाताएवढ्या जागेत.

काका तिथेच होते, दोन लेन पलीकडे. त्यांच्या रायफलवर जुन्याच रिंगा. माझा निशाणाचा कागद पाहायला आले, मान हलवली. परवान्याचा फॉर्म अजून त्यांच्याकडेच आहे. सही झाली का, मी विचारलं नाही.