पूर्व, पश्चिम आणि मेव्हण्याची बोट

२२ सप्टेंबर, झाई
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. विचारवंतांची टिपणं पुढे लोक शोधून काढतात, पण तो लोकांचा प्रश्न.

उधव्याच्या नव्या कॉलेजातून पत्र आलंय. तत्त्वज्ञानाच्या लेक्चररची जागा, पर्मनंट. दहा ऑक्टोबरला वीस मिनिटांचं डेमो लेक्चर. विषय : पौर्वात्य आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील फरक. हसूच आलं. हा विषय मी झोपेत शिकवीन. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर दुसरं काय केलं?

भाविनीला पत्र दाखवलं. बायको या नात्याने आनंद अपेक्षित होता. ती म्हणाली, चांगलं आहे, पण ही जागा गेली तर स्वप्निलच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचं, भावाशी बोलून ठेवलंय. मला किनाऱ्याला बांधलेली बोटसुद्धा लागते, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मी शांत राहिलो. पौर्वात्य.

२४ सप्टेंबर, पहाटे ५.३०
संकल्प : रोज पहाटे दोन तास अभ्यास. वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम. मग आठवलं, नकाशात उलट असतं. पान फाडलं. पट्टी शोधली. आठ वाजले. सुरुवात उत्तम.

२७ सप्टेंबर
पहिला मुद्दा. पश्चिम : माणूस शंका घेतो, प्रश्न विचारतो, पुरावा मागतो. पूर्व : माणूस गप्प बसून आत बघतो.

हे लिहीत असतानाच भाविनी डहाणूच्या बाजारातून आली. अंगणात सुकत घातलेली मांदेली उलटली का? मग हे मांजर तोंड पुसत का बसलंय? प्रश्न आणि पुरावा एकदम. बाई पक्की पाश्चात्त्य. मी आत बघत होतो, त्यामुळे बाहेर काय झालं ते सांगता आलं नाही. रात्री भातावर नुसतं मीठ.

२ ऑक्टोबर
सुट्टी. विचारांनाही.

५ ऑक्टोबर
आज निवड समितीचे अध्यक्ष धोडी सर यांच्या उधव्याच्या घरी जाऊन आलो. निव्वळ वैचारिक भेट. सोबत पाच किलो नवे तांदूळ, लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचे, सुवासिक. शेअरच्या इको गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. पाय मेले.

माणूस फार साधा. चहा दिला. तांदूळ मात्र परत केले. म्हणाले, आमच्या पाड्यावर नवं अजून झालेलं नाही, देवाला दिल्याशिवाय नवा दाणा आम्ही तोंडात घालत नाही. भेटवस्तू नाकारायची किती सभ्य युक्ती! मी मनात टाळ्या वाजवल्या. एवढा शिकलेला माणूस, स्कूटरवर फिरतो, तो असलं मानतोय थोडाच? तांदूळ आम्हीच खाल्ले. भाविनी पहिल्यांदाच दोन शब्द बरे बोलली. तांदळाबद्दल.

९ ऑक्टोबर
वहीत एकूण मुद्दे : एक. पण पूर्वेच्या मते जास्त तयारी म्हणजे अहंकार. लवकर झोपतो.

१० ऑक्टोबर, संध्याकाळी
जिंकलो! वीस मिनिटांपैकी चौदा मिनिटं स्वतःचा परिचय, तोही गरजेचा होता. मग मुद्दा मांडला. पश्चिमेने शंका घ्यायची, पूर्वेने गप्प बसायचं. पोरं स्तब्ध.

शेवटी रूपी नावाच्या एका मुलीने विचारलं, सर, आम्ही नवं धान्य देवाला देण्याआधी खात नाही, भूक असली तरी थांबतो. हे यातल्या कुठल्या बाजूला लिहू? मी लगेच सांगितलं, कुठल्याच नाही. ती पाड्यावरची भीती आहे, तत्त्वज्ञान नव्हे, परीक्षेला येणार नाही. मुलगी खाली बसली. मी धोडी सरांकडे पाहून हलकेच हसलो, आपल्या दोघांनाच कळतं असं. ते भराभर लिहीत होते. इतका पटला मुद्दा.

घरी येताना पेढे आणले.

१७ ऑक्टोबर
जागा दुसऱ्याला दिली. राजकारण, दुसरं काय!

दुपारी धोडी सरांनी स्वतः फोन केला. आवाज अजिबात चढला नाही, तोच जास्त लागला. म्हणाले, तुमच्याच लेक्चरप्रमाणे शंका घ्यायची किंवा गप्प बसायचं. त्या मुलीपुढे दोन्हींपैकी एक केलं असतंत तरी चाललं असतं. आमच्या घरचं नवं काल झालं, हेही सांगितलं. मी अभिनंदन केलं.

लाज वाटली. हे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे!

भाविनीने बॅगेत दोन जुने शर्ट भरले.

२४ ऑक्टोबर, बोटीवर
सकाळी उलटी. नाश्ता. त्याची उलटी. स्वप्निल म्हणतो, भावोजी, जाळ्याच्या बाजूला नको.

दुपारी पांड्या म्हणून जुना खलाशी आहे, तो शेजारी येऊन बसला. मास्तर आधी काय शिकवायचे, विचारलं. तत्त्वज्ञान. म्हणजे काय असतं ते? मी तोंड उघडलं. वीस मिनिटांचं सगळं तयार होतं. म्हणालो, माहीत नाही.

मग बर्फ फोडा, म्हणाला, आणि हातात टोचा दिला.

फोडतोय.