चांदी प्यायलेली फुलं

३ जून, सोमवार
फुलांना चांदी पाजतात! आम्हाला मक्याच्या पिठाची उगाली अन् पालेभाजी. नैवाशा तळ्याकाठच्या या फुलशेतीत मी तपासणी खोली झाडते, नात तिथंच हे चांदीचं औषध कालवते. कार्नेशनची देठं दोन तास चांदीच्या पाण्यात उभी, मग फुलदाणीत. मग किती दिवस टिकतात ते बघत बसायचं. याचा पगार मिळतो!

नातीचं नाव न्याकियो. माझंही तेच. थोरलीला आजीचं नाव, ही आमची रीत. शिवी द्यायची पंचाईत.

फुलशेतीचे मॅनेजर मुतिसो साहेब तिला म्हणाले, "औषध महाग झालंय. दोन आठवडे बघू. फरक दिसला नाही तर औषधखोली बंद, तूही घरी."

४ जून
वीस फुलदाण्या मांडल्या. पोरगी समजावत होती — इकडच्या दहा अशा, खिडकीकडच्या दहा तशा. अर्धं ऐकलं. उरलेलं मला येतं. फुलं टवटवीत राहिली की झालं!

१० जून
खिडकीकडच्यांनी माना टाकल्या! पोरीची नोकरी जाणार. शेडमध्ये वाकड्या देठांची ताजी फुलं फेकून देतात. सकाळी झाडताना त्यातली दहा आणून लावली. मेलेली केरात. कुणाला पत्ता नाही.

१४ जून
परत बदलली.

१७ जून
साहेबांनी पोरीची नोंदवही बघितली. "बिनऔषधाचीही तेवढीच टिकली की! मग पैसे कशाला घालवायचे?"

"बिनऔषधाची कुठली?" मी विचारलं.

"खिडकीकडची, आजी. ती मरायलाच ठेवली होती."

औषधखोलीला शुक्रवारपासून कुलूप. झाडलेलीच फरशी मी पुन्हा झाडली.

१८ जून
चहा उकळताना न्याकियो म्हणाली, "आजी, प्रत्येक देठाला मी दोरा बांधला होता. नव्या फुलांना नव्हता. त्याच दिवशी कळलं मला."

"मग वहीत का नाही लिहिलंस, भवाने?"

"कुणी बदलली, त्याचं नाव लिहावं लागतं. तुला काढलं असतं. या वयात झाडू कुठं मारणार तू?"

साखर जास्त पडली होती. तरी चहा संपवला.

१९ जून
साहेबांच्या टेबलावर झाडू ठेवला, सगळं सांगितलं. लपवलं म्हणून पोरीला शिव्या बसल्या, पण खोली उघडी राहिली. चाचणी पुन्हा. फुलं कुणी बदलली ते नाव वहीत लिहिताना तिचं पेन अडलं. म्हटलं, आण इकडे. माझं नाव मला लिहिता येतं.