शनिवारचा नायक, गुरुवारची नायिका

शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा राहून मी माझीच कादंबरी फळीवरून ओढत होतो आणि ती निघत नव्हती. एचो मावशी, गुडघे टेकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? काका अजून रेडिओशी भांडतात का?

फळी खिनसान काकूंची. त्या पुस्तकं भाड्याने देतात आणि मंडालेत कोणी काय वाचावं हे ठरवतात. त्यांची मुलगी मेथू तुम्हाला माहीत आहे. ती गुरुवारी जन्मलेली, मी शनिवारी. अशी जोडी टिकत नाही म्हणतात. म्हणून मी शनिवारच्या तेझाचं गुरुवारच्या फ्यूफ्यूशी लग्न लावून दोघांना अख्खी कादंबरीभर सुखात ठेवलं. काकूंचं मन वळावं, एवढाच वाङ्मयीन हेतू. (एका समीक्षकाने त्याला मानवतावाद म्हटलं. मी आभार मानले.)

पुस्तक मीच काकूंना दिलं होतं, ‘अवश्य वाचा’ म्हणून; त्यांनी ते आधी भाड्याला लावलं. पण भाड्याची पुस्तकं लोक पेन्सिल घेऊन वाचतात, हे मी विसरलो. काकूंनी वाचायला घेण्याआधी ते लपवायचं होतं. एकदाचं निघालं, तेव्हा तिथेच उघडलं. पहिल्या पानावर, नावांच्या पहिल्या अक्षरांवरून जन्मवार ओळखून कोणीतरी लिहिलं होतं, ‘शनिवार-गुरुवार? लेखकाला कोणी वडीलधारं नाही का?’ पुढे, ‘फ्यूफ्यू, अजून वेळ आहे, पळ!’ लग्नाच्या प्रकरणात, ‘हा मरणार.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘आधी सासू.’ शेवटी तर माझा सुखी संसार खोडून कोणीतरी तेझाला इरावतीत बुडवलं होतं. (मावशी, माझ्यापेक्षा बरं बुडवलं होतं.)

“काय रे नांदा,” खालून काकू म्हणाल्या, “स्वतःचंच पुस्तक चोरतोस? दुसरं कोणी चोरणारही नाही म्हणा.”

“वाचलंत का, काकू?”

“वाचलं. उतर आधी, शिडी मोडशील.”

चेहऱ्यावरून काही कळेना. मेथू शिडी धरून उभी होती. “तरी मी सांगत होते,” ती म्हणाली, “भुताची गोष्ट लिही.”

मोठ्यांना नमस्कार.

तुमचा,
नांदा

ता. क. माझ्या जन्माच्या वेळी तुम्ही हजर होतात. तो शुक्रवार असू शकेल का? आई शनिवारवर ठाम आहे, पण आई तेव्हा कामात होती. काकूंना दोन ओळी लिहाल का? शुक्रवारच्या अक्षराचं नाव घ्यायची माझी तयारी आहे.

आणखी एक, सकाळी. पत्र टाकायला निघालो तर काकूंनी हाक मारून वाटीभर मोहिंगा वाढला, माशाच्या रश्श्यातल्या शेवया अगदी गरम. म्हणाल्या, “शनिवारचं काय एवढं? पॅगोड्यात आपल्या वाराच्या मूर्तीवर पाणी घातलं की भागतं. लिहिणाऱ्यावर उतारा नाही. लिहिणं सोड, पोरगी देते.” मी सोडलं. तेव्हा शुक्रवारचं राहू द्या. पत्रं लिहिण्यात धरतात का, हे मी विचारलं नाही.