लिफ्ट टाळणाऱ्या तहाला

प्रिय तहा,

शुक्रवारी तू तिकडे अबू धाबीच्या मुसफ्फाला बदलून चाललास, हे मला बिल्डिंगच्या वॉचमनकडून कळलं. दारं समोरासमोर आणि बातमी आणतो वॉचमन! बोलायला गेले की ‘नानी, ड्यूटी आहे’ म्हणून जिन्याने पळतोस. लिफ्टमध्ये हुमेरा भेटेल म्हणून. अरे, पोरगी आहे ती, पोलीस नाही. म्हणून हे लिहून दाराखालून सरकवते. माझी शाळा तिसरीपर्यंतची. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच, पण पुरं वाच.

मी व्हिजिट व्हिसावर आले ती हुमेराकडे, नातीकडे आराम करायला. आणि बघते तर समोर तू! तिने ऑफिसची बस जवळ म्हणून फ्लॅट घेतला, तुझा पत्ता तिला ठाऊक नव्हता. सगळ्या शारजात अल्लाला हेच दार सापडलं. तेव्हापासून या घरात कुणाला स्वस्थता नाही. तुझी किल्ली वाजली की हुमेराच्या हातातला चमचा थांबतो. मी सोफ्यावर बसते, उठते, पुन्हा बसते. एसी बंद करते, लगेच चालू करते. सुका जवळा करून पाठवला, तर तू ताटात खजूर भरून परत केलंस. ताट रिकामं धाडायचं नाही, ही आपली रीत विसरला नाहीस, शाबास. पण ठेवलंस कुठे? दाराबाहेर, जमिनीवर. जसा काही आम्हाला नायटा झालाय!

माझी लेक रशीदा विधवा झाली तेव्हा हुमेरा तिच्या कडेवर होती. तुझा बाप नूरुद्दीन विधुर, त्याच्या कडेवर तू. दोघांनी निकाह केला. पण हुमेरा वाढली माझ्याकडे, दाभोळला. दहावीनंतर कॉलेजसाठी तुमच्या घरी आली, तेव्हा कुठे तुम्ही दोघांनी एकमेकांना नीट पाहिलं. किती भांडायचात! तिची सायकल पंक्चर झाली की तूच काढायचास आणि वर टोमणेही तूच मारायचास. मग एका सकाळी तू दुबईला निघून गेलास. नूरुद्दीन म्हणाला, पोरगा बापावर रुसला. मीही तेच धरून बसले. त्याच्या मातीला आलास तोही पाहुण्यासारखा. इकडे हुमेराला स्थळं येत राहिली. एकाचं नाक नको, दुसऱ्याचं बोलणं नको, तिसऱ्याची आई नको. मी म्हटलं, नखरे.

काल तुझी बांधलेली खोकी पॅसेजमध्ये पाहून ती जेवलीच नाही. मी तोंड सोडलं, तेव्हा तिने तोंड उघडलं. म्हणाली, जाण्याआधी तू तिला सांगितलंस की रशीदाने तुला पाजलंय, तुझ्या फुफीने, नूरुद्दीनच्या बहिणीने सांगितलं, म्हणजे तुम्ही दूधभाऊ-दूधबहीण, निकाह हराम, आता तोंडही बघायचं नाही. अरे बैला! फुफीचं ऐकलंस, मला विचारायला काय झालं होतं? रशीदा तुमच्या घरात आली ती टायफॉइड घेऊनच. तिच्या अंगावर दुधाचा थेंब नव्हता, पोटच्या पोरीलाही नाही. ती बरी होईपर्यंत तुम्ही दोघं माझ्याकडे होतात, आणि दोघांच्या बाटलीत माझ्या काळ्या शेळीचं दूध होतं. शेळीने नातं लागत असतं तर अर्ध्या दाभोळचे निकाह मोडले असते. सकाळी रशीदाला फोन केला. ती आधी रडली, मग फुफीला लाखोली वाहिली. इथल्या मौलानांनाही विचारून आले. सावत्र असलात तरी तुमचं रक्त वेगळं, हराम काही नाही, खलास. हुमेराला सांगितलंय. तेव्हापासून ती बाथरूममध्ये नळ सोडून बसली आहे, आणि लग्नाला नाही म्हणालेली नाही. नोकरीला मुसफ्फाला जायचं तर जा, पण त्याआधी आज असरच्या नमाजानंतर, दुपार कलली की आमच्याकडे ये. मागणी घालायला मोठं माणूस कुठून आणू, म्हणून अडू नकोस. तुझे सख्खे आईबाप गेले, रशीदा पडली मुलीची आई, म्हणजे तुझ्याकडची मोठी मीच. तुझ्या बाजूने मी मागेन, आणि हुमेरा मान हलवेल तेव्हा तिच्या बाजूने मीच कबूल करेन. तू फक्त ये.

तुझीच, दोन्हीकडची,
मैमुनानानी