बाईंच्या उजव्या हातातल्या बांगड्या

बाई,

आज पलासियाच्या बाजारात जाऊन लेकीच्या मॅमसाठी सुक्या मेव्याचा डबा आणला. उद्या तिच्या शाळेचा दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. दुकानदार म्हणाला, "मॅडमजी, टीचर के लिए तो सब यही ले जा रहे हैं," आणि मला हायसं वाटलं. सगळे देतात तेच आपण दिलं की कुणाला वाईट वाटण्याचा प्रश्न येत नाही. लेक मात्र घरी येईपर्यंत गाल फुगवून बसली होती. तिला द्यायचं होतं टाचांना लावायचं क्रीम. "मम्मा, मॅम ना टेबलखाली सँडल काढून बसतात. त्यांच्या टाचा इतक्या फाटल्यात, कधी कधी ब्लड पण निघतं. कुणी बघत नाही, मी बघते ना." मी एकदम खेकसले, "पागल आहेस का? असं कुणी देतं का? बुरा मानतील त्या." ती पुढे चालायला लागली. नऊ वर्षांची आहे. मीही तेव्हा नऊचीच होते, तुमच्या चौथीत.

तुमच्या हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या असायच्या. तुम्ही फळ्यावर लिहायला लागलात की किणकिण सुरू व्हायची, आणि ती थांबली की तुम्ही आता वळणार हे ओळखून आम्ही शहाण्या मुलींसारख्या बसायचो. त्या वर्षी गणपतीनंतर तुम्ही बरेच दिवस आला नाहीत. बाईंचे यजमान गेले, एवढं घरात कानावर आलं होतं. पण त्याचा बांगड्यांशी काय संबंध, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि आमच्या घरात लहान मुलींनी असलं काही विचारायचंही नसे. तुम्ही परत आलात तेव्हा फळ्याचा आवाज गेला होता. मला एवढंच कळलं. राजवाड्यापाशी, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बांगड्यांचं दुकान होतं. तिथल्या काकांनी माप विचारलं. तुम्ही माझा हात धरून अक्षरं गिरवून घ्यायचात, त्यामुळे तुमचा हात मला पाठ होता. मी बोटं जुळवून "इत्ता" म्हणून दाखवलं. "मम्मी के लिए?" मी मान डोलावली. खरं सांगितलं असतं तर त्यांनीच मला थांबवलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर मी बांगड्यांची पुडी तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही वर्तमानपत्राचा कागद उलगडलात. मग विचारलंत, "तू निवडल्यास?" मी म्हटलं, "हो बाई. लिहिताना आता तुमचा आवाज येत नाही." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मी उड्या मारत घरी गेले.

सुट्टी संपते. तुम्ही वर्गात येता, खडू उचलता, आणि किणकिण होते. उजव्या हातात दोनच बांगड्या, माझ्या. मी पहिल्या बाकावर फुलून बसलेली. मधल्या सुट्टीच्या जरा आधी मोठ्या बाई दारात येतात. आवाज खाली ठेवून बोलतात, पण पहिल्या बाकाला सगळं ऐकू येतं. "बाई, अहो काय हे? अजून वर्षसुद्धा झालं नाही. लोक काय म्हणतील?" तुम्ही शांतपणे म्हणता, "एका मुलीनं दिल्यात." "कोणत्या?" तुम्ही नाव सांगत नाही. मोठ्या बाई वर्गावर नजर फिरवतात आणि ती माझ्यापाशी थांबते, बहुतेक माझा चेहराच तसा झाला असेल. "तू दिल्यास का गं?" तुम्ही माझ्याकडे बघता. मी म्हणते, "नाही."

तुम्ही लगेच म्हणालात, "तिला कशाला विचारता? मीच घेतल्यात." मोठ्या बाई ‘धन्य आहे’ अशा चेहऱ्यानं निघून गेल्या. तुम्ही बांगड्या काढल्यात, रुमालात बांधून पर्समध्ये ठेवल्यात आणि राहिलेला भागाकार पूर्ण केलात. नंतर कधी एका शब्दानं बोलला नाहीत. उलट स्नेहसंमेलनात मला सूत्रसंचालन दिलंत. तुम्ही रागावायला हवं होतं, बाई. एक चापट मारली असतीत तर मी आजवर एवढी घाबरट राहिले नसते. लग्नं, बारशी, वाढदिवस, सगळीकडे मी पाकीट नाही तर मिठाई नेते. माणूस बघून काही न्यायचं म्हटलं की हात मागे येतो. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा तुकोगंजातलं तुमचं घर माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर होतं. मी गेले नाही. तुमच्या घरच्यांनी विचारलं असतं, तुम्ही कोण, आणि मला काय सांगता आलं असतं?

हे एवढं लिहून मी मघाशी उठले आणि लेकीला घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलवर गेले. तिनं तीन ट्यूब वास घेऊन बघितल्या आणि एक निवडली. येताना मीच तिला म्हटलं, "मॅम गुस्सा झाल्या तर सांग, मम्मीनं दिलंय." तुमच्याकडून एवढं तरी शिकले होते. ती चालता चालता थांबली. "पण दिलंय तर मी ना. मग मी असं कशाला सांगू?" मला रस्त्यातच रडू फुटलं. ती म्हणाली, "अरे, मम्मा, काय झालं?" मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात. बघा, अजून खोटंच बोलते.

आता ती आत बसून ट्यूबला कागद लावते आहे आणि चिकटपट्टी कुठे आहे म्हणून ओरडते आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुम्हाला तर माहीतच होतं, पण त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघत होतात तेव्हा जे म्हणायचं होतं ते म्हणते.

हो. मी दिल्या होत्या.