धारागडचा सरदार पळाला नाही

राणीसावरगाव,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८७०

मुन्शी गुलाम दस्तगीर साहेब यांस,
सिद्रामप्पाचा सलाम आणि शरणार्थ.

आज सकाळपासून कानात एक जुना आवाज भरून राहिला आहे. आपल्या शाळेची ती एकच लांब खोली, मधोमध बांबूचा तट्ट्या. अलीकडे माझा मराठीचा वर्ग, पलीकडे तुमचा उर्दूचा. माझी पोरं कविता चालीवर म्हणू लागली की तुमच्याकडे नज्म सुरू व्हायची, आणि फटींतून दोन्ही चाली एकमेकींत शिरून तिसरीच एक चाल तयार व्हायची. मग तुमची छडी तट्ट्यावर वाजायची. टक् टक्.

"मास्तर, तुमची कविता आमच्या पोरांच्या तोंडात शिरायली!"

"शिरू द्या मुन्शीजी, तिच्यावर काही महसूल नाही."

आज तीच टक् टक् ऐकली आणि चष्मा शोधत बाहेर गेलो. लिंबावर सुतारपक्षी होता.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तारीख लिहिताना हात सवयीनं निजामाच्या फसली महिन्याकडे गेला होता, मागं ओढला. तुमची शेळी व्यायली. दोन पिलं आहेत, एक पांढरं आणि एक थेट तुमच्या शेरवानीच्या रंगाचं. मेहबूबबी भाभींना गौराबाईनं सलाम सांगितलाय आणि दूध नासत नाही, रोज तापवते, हेही सांगितलंय. तुमच्या जावयाचा हैदराबादचा पत्ता एका अत्तरवाल्याकडून मिळाला. उर्दूत लिहायला बसलो होतो. पण उर्दूत मी तुमच्यापुढं अजून विद्यार्थीच. चुका होतील, तुम्ही लाल शाईनं खुणा कराल आणि मजकूर बाजूला राहील. तुम्हाला मराठी वाचायला मीच शिकवलं आहे, तेव्हा हळूहळू का होईना वाचाल.

पत्र लिहिण्याचं कारण कादंबऱ्या आहेत. दुसरं काही नाही.

आपल्या गावात वाचनालय निघतं आहे, मुन्शीजी! चार माणसं जमवून पुस्तक वाचायचं तर आता कोणाची इजाजत लागत नाही. आठवतं ना, आपल्या शनिवारच्या वाचनाला एकदा पोलिसांचे अमीनसाहेब आले होते? जमाव कसला म्हणून दरडावून विचारलं, तर तुम्ही उठून म्हणालात, "हुजूर, तारीख का सबक है." इतिहासाचा धडा! अमीनसाहेब तपासायला म्हणून बसले आणि प्रकरण संपल्यावर हळूच विचारू लागले, पुढं त्या मुलीचं काय झालं. तेव्हापासून दर शनिवारी त्यांचा शिपाई यायचा. पहाऱ्याला नव्हे, गोष्ट ऐकून साहेबांना सांगायला.

तर व्यंकटराव पाटलांनी मला सांगितलं, "मास्तर, इतिहासाच्या कादंबऱ्या कोणत्या घ्यायच्या ते तुमी ठरवा. बन्सीधर परभणीला जायलाय." बन्सीधर म्हणजे कडूबाईचा भाचा, परभणीला शिकून आला आहे आणि खिशाला पेन लावून फिरतो. मी दोन रात्री विचार केला. ज्यांनी आयुष्यात कादंबरी हातात धरली नाही त्यांना पहिलं पुस्तक कोणतं द्यावं?

माझ्या मतानं 'मोत्यांचा बाजार' पहिलं. विजयनगरच्या एका व्यापाऱ्याची गोष्ट. लढाई जवळजवळ नाहीच. पण बाजार उठताना दुकानदार एकमेकांशी जे बोलतात ते वाचलं की आपल्या बाजारातली धूळ नाकात जाते. राज्य बुडायला आलंय हे कोणालाच कळत नाही, फक्त वाचणाऱ्याला कळतं. त्यानंतर 'देवगिरीचं पाणी'. किल्ल्यावर पाणी चढवणाऱ्या माणसाच्या मुलीची कहाणी. बन्सीधर म्हणतो, फार संथ आहे. असेना. तहानेवर एवढं लिहिलेलं दुसरं पुस्तक मी पाहिलं नाही. राजे येतात, जातात, आणि ती पोर खापरी नळ्या धुतच असते. ज्या घरातल्या बायका रोज पाण्याला जातात त्यांना हे वाचून दाखवावं.

ऐतिहासिक कादंबरी कशी ओळखावी याची माझी खूण तुम्हाला ठाऊक आहे. हरलेल्या बाजूच्या माणसालाही जिच्यात तहान लागते, ती घ्यावी. ज्या पुस्तकात शत्रूला फक्त दात असतात आणि आई नसते, ते शेंगा बांधायला ठेवावं.

तिसरं नाव लिहिलं आणि लेखणी थांबली. 'तिसरा दरवाजा'.

गौराबाई आत्ताच डोकावून गेली. म्हणाली, "काय लिवायलाव एवढं?"

"कादंबऱ्यांबद्दल."

"कादंबऱ्यांबद्दल लिवताना डोळे पुसावं लागत्यात व्हय?"

धूर आहे म्हणालो. चूल विझलेली होती.

'तिसरा दरवाजा' माझी आणि 'शाम-ए-धारागड' तुमची. एकाच किल्ल्याच्या एकाच वेढ्यावरच्या दोन कादंबऱ्या. मराठी मी वाचायची, आणि उर्दू तुम्ही समोर धरून सगळ्यांना मराठीत सांगायची, असा आपला परिपाठ. वर्षामागून वर्षं दोन्ही झाल्या. लोक म्हणायचे, "मास्तर, परत धारागड लावा." आपण पेन्शनीत निघालो तरी शनिवार सुटला नाही. शाळेच्या ओसरीवर तुम्ही त्या उजवीकडच्या खांबाला टेकून बसायचात, पायाजवळ पानाचा डबा.

आणि मग तो शनिवार! शेवटचं प्रकरण चालू होतं, आणि कडूबाई उठून उभी राहिली. चाळीस एकरांची मालकीण, नवरा गेल्यापासून पाटलालाही न जुमानणारी.

"मास्तर, थांबा. माझ्या भाच्यानं हेच पुस्तक परभणीला वाचलंय. त्यात तो सरदार याकूतखान लुगडं नेसून रातचा पळून गेला म्हणतोय. तुमच्यात तर तो मर्दासारखा दरवाजात पडला. कोनतं खरं?"

मी पुस्तकात तोंड घातलं.  छापलेलं भाचा म्हणाला तसंच होतं. पण पहिल्यांदा ते पान आलं तेव्हा तुम्ही समोर खांबाला टेकून इतक्या लक्षानं ऐकत होतात, की माझ्या तोंडून त्याला लुगडं नेसवेना. मी त्याच्या हातात तलवार दिली. पुढं दरवेळी दिली. शेवटी शेवटी तर मरताना तो एक सुंदर वाक्यही बोलायचा.

 आणि तुम्ही हसायला लागलात. पानाचा ठसका लागेपर्यंत हसलात.

"क्या जी मास्तर, तुम भी?"

मग तुम्ही कबूल झालात. तुमच्या पुस्तकात रघोजी किल्लेदार मोहरांची थैली घेऊन दरवाजा उघडतो. आम्हाला मात्र तुम्ही सांगत आलात, की खोट्या शिक्क्याचं फर्मान दाखवून त्या बिचाऱ्याला फसवलं! रघोजीसाठी ऐकणाऱ्यांतली तानुबाई किती रडली होती.

"मंग आमी इतकी वर्सं ऐकलं तरी काय?" तुमच्या शेजारचा किशनराव ओरडला. "तिकीट न्हवतं म्हणून सुटलाव दोघं!"

तुम्ही हात जोडून विचारलंत, "पुढच्या शनिवारपासून छापल्याबरहुकूम वाचू का?"

"काई नको," कडूबाई खाली बसत म्हणाली. "छापल्यालं मी भाच्याकडून ऐकीन. तुमचं चालू द्या."

त्या दिवसापासून मला वाटत आलं आहे, की माझ्या मते सगळ्यांत वाचनीय ऐतिहासिक कादंबरी कोणत्याच दुकानात मिळत नाही. ती आपल्या शाळेच्या ओसरीवर होती. निम्मी तुमच्या तोंडात, निम्मी माझ्या.

आता पुढचं लिहितो. लिहिणार नव्हतो.

गेल्या शनिवारी वाचनालयाचा मुहूर्त म्हणून चावडीत वाचन ठेवलं. बन्सीधरनं स्वतःचं 'तिसरा दरवाजा' आणलं. मी वाचायला बसलो. आवाजही बरा लागला. ते पान आलं. सवयीनं मान उचलून उजवीकडं पाहिलं. चावडीतही उजवीकडं एक खांब आहे. त्याला कोणी टेकलं नव्हतं. लोकांनी ती जागा सोडूनच बसकण मारली होती, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

मी तिथंच थांबलो. बन्सीधरला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही. त्यानं हळूच पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि छापल्याप्रमाणे वाचलं. लुगडं, बांगड्या, सगळं. मागं बसलेल्या पाच-सात जणांनी टाळ्या दिल्या. किशनरावही हसला.

कडूबाई उठली. पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाली,

"मुन्शीजी न्हाईत म्हणून लगेच पळाला व्हय रे तो?"

आणि निघून गेली.

 बन्सीधरनं पुस्तक मिटलं. पोर वाईट नाही, त्याचे कान लाल झाले होते.  मग पाटील म्हणाले, "पुस्तकं आणू. पण वाचनारे दोन पायजेत. एकाच्यानं ह्ये काम व्हत न्हाई."

भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं आणि बाहेरची माणसं सूड घ्यायला गावात शिरली, त्या पहाटे तुम्ही कोणाला न सांगता गेलात. मला सांगितलं नाहीत म्हणून मी दोन महिने मनात धरून बसलो होतो. शनिवारी चावडीत मी स्वतःलाच विचारलं, की तुम्हाला थांबवण्यासाठी आमच्यातलं कोण तुमच्या दाराशी आलं होतं? मीसुद्धा आतून कडी लावून बसलो होतो. मग तुम्ही कोणाचा निरोप घ्यायचा?

तुम्ही गेल्यावर तुमच्या दाराच्या दोन्ही फळ्या कोणीतरी काढून नेल्या. रविवारी सकाळी पाहतो तर फळ्या जागेवर, आणि किशनराव स्वतः बिजागरीला तेल सोडतोय. मी काही विचारलं नाही. तोच म्हणाला, माझ्याकडं न बघता, "माज्याकडं ठिवल्या व्हत्या मास्तर. उन्हानं वाकतील म्हणून."

"बरं केलंस," मी म्हणालो. "सागाला ऊन सोसत नाही."

छापलेलं वेगळं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत. पण तो दारच बसवत होता. मी त्याच्या हातात तलवार दिली म्हणा. घरात झाडून घेतलं आहे. तुमच्या कितीतरी वस्तू परत आल्यात, काही नाही आल्या. तुमची पुस्तकं मात्र सगळी आहेत; ती नेण्याचं कोणाच्या मनात आलं नाही.

तेव्हा मुन्शीजी, कादंबऱ्यांचं विचारत होतो. उर्दूतल्या कोणत्या घ्याव्यात ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? मराठीची नावं मी दिली. तुमची दिल्याशिवाय बन्सीधर परभणीला जाणार नाही, असं त्यानंच सांगितलंय. नावं पत्रानं कळवली तरी चालतील.

नाही. चालणार नाहीत. आता खोटं कशाला लिहू? या तुम्ही. गाव सगळं पूर्वीसारखं झालंय असं मी म्हणत नाही. काही डोळे अजून खाली आहेत, काही वर आहेत आणि ते बरे नाहीत. पण खांबाजवळची जागा सोडून बसणारी माणसंही याच गावात आहेत, आणि ती जास्त आहेत. मी मोजली नाहीत, पाहिली. पाटील म्हणतात, तुम्ही कळवा, ते स्वतः घ्यायला येतील. आणि या वेळी मी कडी लावणार नाही.

थांबा, गौराबाई हाका मारते आहे. दारात कोणीतरी आलंय म्हणते. कोण ते सांगेना, नुसतीच "अहो, अहो" करते.

मुन्शीजी,

दारात तुमच्या मेहबूबबी भाभी उभ्या आहेत. एकट्या. बुरख्यावर वाटेची सगळी धूळ. इतक्या वर्षांत मागच्या भिंतीवरून गौराबाईशी बोलणाऱ्या भाभी आज पहिल्यांदा पुढच्या दारानं आल्या. बाजाराच्या बैलगाडीतून आल्या म्हणे. गौराबाईनं त्यांचा हात धरलाय. पाणीसुद्धा न घेता त्यांनी मला सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, एक अक्षर बदलत नाही:

"ते गंगाखेडच्या ठेसनावर बसलेत, भाईसाब. म्हणले, तू आदी जा. गाव आपलं हाय का न्हाई, तेवढं इचारून ये."

गाडी जुंपायला सांगितली आहे. हे पत्र टपालात टाकत नाही. उत्तर घेऊन येतो आहे, जागेवरून हलू नका.

वाटेतच असलेला,
तुमचा सिद्रामप्पा