सात पानांची फूट

प्रिय शालन,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला बघ. एकतीस वर्षांच्या संसारात मी तुला कधी धड नावानं हाक मारली नाही. 'अगं ए' म्हटलं की तू यायचीस. आता नावानं हाक मारतोय, तर यायला तू नाहीस.

आज शुक्रवार. परवा रविवारी तुला जाऊन वर्ष होईल. घरी पुण्यानुमोदन ठेवलंय. भन्तेजी येणार, तुझ्या माहेरची माणसं येणार. सकाळी पुण्याहून दीपाचा फोन आला. म्हणाली, "पप्पा, मम्मीच्या फोटोला विकतचा हार आणू नका हां. तिच्या झाडाचाच गुलाब ठेवायचा." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. काय सांगू पोरीला? तुझा गुलाब माझ्या हातून मेला, शालन. तिला अजून माहीत नाही. म्हणून आधी तुला लिहितोय.

रागावू नकोस असं म्हणणार नाही. रागाव! निदान आता तरी रागाव. तू कधी रागावलीच नाहीस, तिथंच माझं फावलं.

सावेडीत हे घर बांधलं तेव्हा मी फाटकाजवळ स्कूटरसाठी फरशी टाकणार होतो, आठवतं? तू म्हणालीस, "एवढी चार फूट माती मला ठेवा." त्या चार फुटांत तू शेवगावच्या तुझ्या आईच्या अंगणातला गुलाब आणलास. आणलास म्हणजे काय, ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी! इथं आधी रानटी गुलाबाचा खुंट लावलास, त्याला ब्लेडनं चीर पाडलीस, काडीवरचा एक डोळा सोलून त्यात बसवलास आणि वरून दुधाच्या पिशवीची पट्टी आवळलीस. मी दारात चहा पीत उभा. "झालं का ऑपरेशन? पेशंट जगेल ना?"

पेशंट जगला. फिकट गुलाबी, घमघमणारा, कुठल्याच नर्सरीत न मिळणारा. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, तू 'आईचा गुलाब' म्हणायचीस. पुढं तुझी आई गेली, ते अंगणही गेलं. गुलाब मात्र आपल्या फाटकाशी फुलत राहिला. दर पौर्णिमेला त्याचं फूल विहारात जायचं.

आणि मी काय केलं? कुरकुर! पेंड भिजवलीस की "काय सडलंय गं हे?" चहाचा चोथा धुऊन वाळत टाकलास की "अगं, लोक हसतील." पावसाळा सरल्यावर छाटणी केलीस की "चांगलं झाड बोडकं करून टाकलंस!" तू छाटणीची कात्री, ते सिकेटर हातात धरून म्हणायचीस, "इकडं या, दाखवते." मी म्हणायचो, "नंतर." किती वेळा म्हणालो असेन गं?

सुप्याच्या कंपनीत मशीनचा आवाज जरासा बदलला तरी मी शेडच्या दुसऱ्या टोकाहून ओळखायचो, की बेअरिंग जाणार. साहेब लोक मुद्दाम मला बोलावून घ्यायचे. आणि घरात तू तीन महिने "दम लागतोय हो" म्हणत होतीस, तर मी म्हणालो, "उन्हात त्या झाडांपाशी बसतेस, दुसरं काय होणार!" हे वाक्य मला सोडत नाही. जेवताना आठवतं, गाडी चालवताना आठवतं.

दवाखान्यात शेवटचे दोन दिवस तू मास्क बाजूला करून एकच सांगत होतीस. "सात पानं... सात पानांची मोडत जा." मी नर्सला म्हणालो, "ताप डोक्यात गेलाय, काहीबाही बरळतेय." तू माझ्याकडं बघितलंस आणि मान भिंतीकडं वळवलीस.

वर्षभर मी त्या सात पानांचा अर्थ लावत होतो. दीपाला विचारलं. कुठल्या औषधाचा पाला असेल म्हणून तुझ्या मावशीलाही विचारलं. कुणाला काही सांगता आलं नाही.

तू गेल्यावर गुलाब मीच सांभाळायचा असं ठरवलं. अगदी जिद्दीनं! दोन वेळा पाणी, महिन्याला शेणखत. उन्हाळ्यात बुंध्यातून दोन जाडजूड फुटवे निघाले. काय त्यांचा जोर! बघता बघता फाटकाच्या वर गेले. तुझ्या जुन्या फांद्या मात्र सुकत चालल्या. मी म्हटलं, म्हातारं लाकूड आहे, काढून टाकू, नव्याला जागा होईल. तुझ्याच सिकेटरनं सगळ्या जुन्या फांद्या बुंध्यापासून कापल्या आणि हिरव्यागार झाडाचा फोटो दीपाला पाठवला. तिनं लिहिलं, "मम्मी बघा कशी वाढतेय." तो मेसेज मी कितीदा वाचला असेल!

कापायच्या आधी समोरच्या नसरीनभाभी आल्या होत्या. तुम्हा दोघींची झाडांवरनं किती गट्टी! फाटकाबाहेरूनच म्हणाल्या, "भाऊ, खालून आलेली फूट मोडून टाका. ती वहिनींच्या गुलाबाची नाही." तर मी काय म्हणावं? "माझ्या बायकोचं झाड आहे, माझं मी बघेन. तुम्ही तुमचं बघा." बिचाऱ्या माघारी गेल्या. त्यानंतर समोर आल्या तरी मान खाली घालून जायच्या.

दिवाळी झाली, थंडी पडली. झाड हिरवंगार, पण कळी म्हणून एक नाही. शेवटी पंधरा दिवसांपूर्वी एक फांदी पिशवीत घालून मनमाड रोडच्या नर्सरीत गेलो. तिथल्या माणसानं एक देठ तोडला आणि बोटानं पानं मोजली.

"काका, सात पानं. ह्यो खालचा रानटी खुंट हाय. तुमच्या गुलाबाला पाच असत्यात. खालची फूट मोडली न्हाई, तिनं वरच्याचं समदं खाल्लं. तुमचा गुलाब कवाच गेला."

"सात पानं?" मी विचारलं.

"व्हय. सात पानांची फूट दिसली की मोडायची. घरात कुनी सांगितलं न्हाई का?"

सांगितलं होतं रे बाबा! मास्क काढून, धाप लागलेली असताना सांगितलं होतं. मी तिथंच खताच्या पोत्यावर बसलो. तो घाबरून पाणी घेऊन आला. तू बरळत नव्हतीस, शालन. तू अगदी शुद्धीवर होतीस. मी तुला नर्ससमोर वेडी ठरवलं, आणि ते तू ऐकलंस.

पण तुझ्यावरही माझा एक राग आहे. लिहून का नाही ठेवलंस? भिंतीवर खडूनं लिहायचंस, माझ्या डब्यात चिठ्ठी टाकायचीस! जाऊ दे. चिठ्ठीसुद्धा मी 'नंतर' म्हणून खिशातच ठेवली असती.

त्याच संध्याकाळी नसरीनभाभींची बेल वाजवली. वाजवून माघारी फिरणार होतो, तेवढ्यात दार उघडलं. "भाभी, चुकलो," एवढंच तोंडातून निघालं. त्या म्हणाल्या, "आधी आत तर या भाऊ. चहा घ्या."

मग मागच्या अंगणात नेलं. तिथं कुंडीत तुझ्या आईचा गुलाब! लहानसंच झाड, पण पाच पानांचं, शेंड्याला बारीक कळ्या धरलेलं. मी वाकून पानं मोजली.

"वहिनींनीच खुंटावर डोळा भरून दिला, दवाखान्यात जायच्या आधी," भाभी म्हणाल्या.

"काही म्हणाली का ती?"

त्या जरा घुटमळल्या. "म्हणाल्या, नसरीन, एक तुझ्याकडं राहू दे. आमच्याकडं ऐकून घेणारं कुणी नाही."

खरं होतं गं ते. तरी फार लागलं. अजून लागतंय.

भाभींनी त्या झाडाची एक काडी कापून दिली. म्हणाल्या, तुमचा खुंट उपटू नका, जोरदार आहे, त्यावरच डोळे भरू. त्या सांगत गेल्या, मी करत गेलो. ब्लेड, चीर, डोळा, दुधाच्या पिशवीची पट्टी. पहिला डोळा तर माझ्या हातून खालीच पडला! मग तीन भरले. काल बघितलं तर दोन काळे पडलेत. एक हिरवा आहे, पण भाभी म्हणतात, आठवडाभर काही खरं नाही. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन बघतो. खाली फूट दिसली की पानं मोजतो आणि मोडतो.

भाभींकडची एक कळी उमलायला आलीय. मघाशी म्हणाल्या, "रविवारी घेऊन जा भाऊ. दीपाला काय कळणार आहे?" खरंच नाही कळणार. तोच गुलाब, तोच वास. दुपारपासून मला मोह होतोय. फूल तुझ्या फोटोपुढं ठेवायचं, दीपा वास घेऊन रडेल, विषय मिटेल. पण तुझं शेवटचं बोलणं मी एकदा वाया घालवलंय. पुन्हा घालवू का?

नाही. रविवारी ते फूल नसरीनभाभी स्वतःच्या हातानं ठेवतील, आणि त्या पहिल्या रांगेत बसतील. शेजारी मी सात पानांची फांदी ठेवीन आणि सगळ्यांदेखत दीपाला सांगेन, "तुझी मम्मी शेवटपर्यंत शुद्धीवर होती. मी ऐकलं नाही." राहिलेला डोळा जगला तर बरंच. नाही जगला तर पुन्हा भरीन, पुढच्या थंडीत पुन्हा.

दीपा चिडेल. कदाचित दवाखान्याआधीचे ते तीन महिन्यांचे 'दम लागतोय' सुद्धा काढेल. तिला मी 'नंतर' म्हणणार नाही. तिचं सगळं बोलून होईपर्यंत मी तिच्यासमोर गप बसून ऐकेन.

तुझा,
भास्कर